यादीबाईंची सही

विवाह नोंदणी कार्यालयात तीन नंबरच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना सगळे यादीबाई म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं. राग येत नसे. लग्न जमवायला आणि करायला माणसं जिवाचं रान करतात, पण लग्नानंतर करायच्या कामांचा कुणाला पत्ताच नसतो, असं त्यांचं सव्वीस वर्षांचं ठाम मत होतं. म्हणून सह्या करून हसत बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जोडप्याला त्या हाक मारून परत बोलावत आणि चौदा कलमांचा एक कागद हातात ठेवत. नुसता ठेवून सोडून देत नसत, वाचूनही दाखवत. नवरा-नवरी बोटांत बोटं गुंतवून उभी, मागे फोटोसाठी मंडळी ताटकळलेली, आणि बाई चष्म्यावरून बघत कलम तीन समजावून सांगतायत, असं दृश्य तिथे रोज दोन-चारदा तरी दिसे.

यादी मात्र बिनतोड होती. दाखला हातात पडला की खिडकी सोडण्याआधी नावं तपासा. भाड्याची जुनी खोली त्याच दिवशी सोडा, उद्यावर टाकलंत की दोन बिऱ्हाडं गळ्यात पडतील. आभाराची पत्रं पंधरा दिवसांत लिहा, नंतरचं पत्र आभाराचं न वाटता माफीचं वाटतं. एकसारखी तीन घड्याळं आली असतील तर कुठलं कुणी दिलं ते मागे लिहून ठेवा, म्हणजे ज्याचं त्यालाच भेट म्हणून जाणार नाही. डॉक्टरकडे आणि नोकरीच्या ठिकाणी 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे' असं विचारलेलं असतं, तिथलं जुनं नाव बदला. आणि शेवटचं, चौदावं कलम: घराच्या दोन किल्ल्या करून घ्या, दोघांकडे एकेक. ते पाठीमागच्या पानावर होतं, त्यामुळे तिथवर ऐकायला कुणी थांबलेलं बाईंना आठवत नव्हतं.

अर्ज तपासण्यात तर बाई म्हणजे कहर होत्या. एका साक्षीदाराने पेन्सिलने सही केली म्हणून आख्खं वऱ्हाड परत पाठवलेलं. एका नवरदेवाची सही चौकटीबाहेर गेली, तर त्याला म्हणाल्या की आत्ताच चौकटीत मावत नाही, पुढे घरात कसं होणार. तपासून झालं की कागदाच्या तळाशी उजवीकडे, 'पडताळणी केली' असं छापलेल्या जागी, त्यांची छोटी, सरळ, कोरल्यासारखी सही पडे. ती पडली की साहेब खाली डोळे मिटून सही ठोकत. बाईंनी बघितलेला कागद आपण पुन्हा वाचणं हा त्यांचा अपमान आहे, असं ते म्हणत. आळसाला इतकं सभ्य नाव फार थोड्यांना सुचतं.

अशा या बाईंचं स्वतःचं लग्न एकोणपन्नासाव्या वर्षी झालं. कारण झालं दप्तराच्या कपाटाचं कुलूप.

कुलूप अडकलं म्हणून कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याला बोलावलं. हा त्रेपन्न वर्षांचा, शांत, कानावर पेन्सिल आणि गळ्यात दोरीला भिंग लटकवलेला गृहस्थ. आयुष्यात लग्नाचं राहून गेलेलं, आणि राहून गेल्याचं फारसं लक्षातही न आलेलं. त्याने हत्यारांची पिशवी उघडण्याआधी विचारलं, "कपाट तुमच्याच ताब्यात आहे ना? काही कागद?" सव्वीस वर्षांत बाईंना कुणी कागद मागितला नव्हता, त्याच सगळ्यांना मागत आल्या होत्या. त्यांनी ओळखपत्र काढून दिलं. कुलूपवाल्याने भिंग लावून आधी फोटो पाहिला, मग बाईंना पाहिलं, आणि म्हणाला, "तुम्हीच आहात." त्या दिवशी कपाट उघडलं. पुढल्या आठवड्यात तो तेल घालायला आला. त्यानंतरच्या आठवड्यात कुलूप छानच चालत होतं, तरी आला. कचेरीतल्या शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना जे कळायचं ते कळलं, आणि बाईंना सर्वांत शेवटी.

लग्न त्याच कार्यालयात, महिन्याच्या चार तारखेला. बाईंच्या बाजूने साक्षीदार त्यांची थोरली बहीण, ताई, जिने आईमागे त्यांना वाढवलं. ती दुखऱ्या गुडघ्यांनिशी सात तासांचा बसप्रवास करून आली. कुलूपवाल्याच्या बाजूने त्याच्या दुकानाशेजारचा न्हावी. खिडकीचं काम त्या दिवसापुरतं धाकटीकडे होतं, म्हणजे बाईंनीच दोन वर्षं घासून तयार केलेल्या नव्या कारकून मुलीकडे. बाईंनी नवी साडी नेसली होती. कुलूपवाल्याने सही केली, साक्षीदारांनी केल्या, बाईंनीही केली, साहेबांनी केली. टाळ्या झाल्या, चहा झाला. धाकटीने यादी द्यायला हात पुढे केला, तर बाई म्हणाल्या, अगं मला काय देतेस, मीच लिहिलीय ती.

आता बाई राहत होत्या महिला कर्मचाऱ्यांच्या वसतिगृहात. तिथे पुरुषांना फक्त खालच्या बैठकीच्या खोलीत, संध्याकाळी सहा ते आठ प्रवेश. दोघांना एकत्र राहायचं तर खात्याच्या वसाहतीतली दोन खोल्यांची कुटुंबासाठीची जागा हवी, आणि तशी एक नेमकी रिकामी झालेली. बाईंचा नंबर पहिला होता. अट एकच, तीस तारखेला दुपारी तीनच्या आत लग्नाचा दाखला वसाहतीच्या कार्यालयात दाखवायचा. नाहीतर जागा दोन नंबरवाल्याला आणि पुन्हा तीन-चार वर्षं वाट बघा. दाखला मुख्य कार्यालयातून नोंद होऊन यायला पंधरा दिवस लागतात. बाईंना घोर नव्हता.

कुलूपवाल्याने मात्र, बायकोच्या यादीला पहिल्या दिवसापासून मान द्यायचा म्हणून, लग्नाच्याच दिवशी भाड्याची खोली सोडली होती. तो दुकानाच्या माळ्यावर, जुन्या कुलपांच्या खोक्यांमध्ये, पाय दुमडून झोपू लागला. रोज सहा वाजता तो दाढी करून वसतिगृहाच्या फाटकाशी हजर होई. पहारेकऱ्याच्या वहीत 'नाते' असा रकाना होता. पहिल्या दिवशी त्याने 'पती' लिहिलं, तर पहारेकऱ्याने दाखला मागितला. तो नाही म्हटल्यावर ते खोडून 'पाहुणा' लिहिलं. आठला पाच कमी असताना पहारेकरी घंटा वाजवी आणि बाईंचा नवरा उठून बाईंचा निरोप घेई.

त्या दोन तासांत बाई यादी राबवत. टेबलाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला तो. आभाराची पत्रं झाली. न्हाव्याने आरसा दिला होता, त्याला "आरसा पाहून आनंद झाला" असं लिहावं की "आरशात" यावर दोन संध्याकाळी गेल्या. घड्याळांच्या मागे चिठ्ठ्या लागल्या. नवरा प्रत्येक कलमाला "हो मॅडम" म्हणे. कपाटाच्या दिवसापासून तो त्यांना मॅडमच म्हणत आला होता, आणि दुसरं काय म्हणायचं हे यादीत नव्हतं. बाई त्याला अहो म्हणायला लागल्या होत्या, पण ते म्हणताना प्रत्येक वेळी इकडेतिकडे बघत. त्या सुखात होत्या. घंटा वाजली की मात्र त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, ते पुढे तर नाही ना म्हणून.

याच दरम्यान त्यांनी कचेरीत 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे' चा अर्ज भरला. सव्वीस वर्षं तिथे ताईचं नाव होतं. ते काढून नवऱ्याचं घातलं. नियमानुसार ज्याचं नाव निघालं त्यालाही कळवायचं असतं, आणि बाईंना नियमापुढे थोरली बहीणही थोरली नसे. ताईला पोस्टाने छापील पत्र गेलं: सदर नोंदीतून आपले नाव कमी करण्यात येत आहे, कृपया पोच द्यावी. पोच आली नाही. ताईचे फोनही यायचे बंद झाले.

तेवीस तारखेला मुख्य कार्यालयातून लखोटा आला. बाईंनी तो शांतपणे कात्रीने कापला. आत दाखला नव्हता, त्यांचाच अर्ज होता, आणि त्याला हरकतीची चिठ्ठी टाचलेली होती: 'पडताळणी करणाऱ्या कर्मचाऱ्याची सही योग्य आहे. वधूची सही नाही. वराचा विवाह नेमका कोणाशी झाला, याचा खुलासा करावा.'

बाईंनी अर्ज पालथा केला, उलटा केला, उजेडात धरला. वधूची चौकट स्वच्छ, कोरी. आणि तळाशी उजवीकडे, 'पडताळणी केली' समोर, त्यांची छोटी, सरळ, कोरल्यासारखी सही. सव्वीस वर्षं कागद समोर आला की हात जिथे जायचा तिथेच लग्नाच्या दिवशीही गेला होता. कुलूपवाल्याने कुणाशीच लग्न केलं नव्हतं, आणि ते बाईंनी रीतसर तपासून बरोबर ठरवलं होतं.

धाकटी रडवेली झाली. ती जागा तिची होती. पण तिथे आधीच सही पाहून तिला वाटलं, बाईंचा आपल्यावर भरवसा नाही, म्हणून त्यांनी स्वतःच तपासलं असेल. साहेब म्हणाले, बाईंची सही दिसली, मग मी कशाला वाचतोय. चूक बाईंची होती, पण तिला एवढं आयुष्य मिळालं ते सगळ्यांचा बाईंवर आंधळा विश्वास होता म्हणून. याने बाईंना काडीचाही धीर आला नाही.

नियम बाईंना पाठ होता, किंबहुना गेली सव्वीस वर्षं त्याच तो दुसऱ्यांना ऐकवत आल्या होत्या. नवरा किंवा बायकोची सही राहिली असेल तर मागाहून करता येत नाही. नवा अर्ज, तोच वर, तीच वधू, तेच दोन साक्षीदार, सगळे एकाच वेळी साहेबांसमोर. मुख्य कार्यालयाने मेहेरबानी एवढीच केली होती की दुरुस्त अर्जाचा दाखला इथल्या इथे त्याच दिवशी देता येईल.

धाकटीने दार लोटून घेतलं, अर्ज बाईंसमोर सरकवला आणि हळूच पेन ठेवलं. "बाई, शाई तीच आहे. कोण बघतंय?"

बाईंनी पेन उचललं. हे सांगायलाच हवं, कारण पुढे धाकटीने ही गोष्ट सांगताना बाई जणू दगडाच्या असल्यासारखं सांगितलं. त्या दगडाच्या नव्हत्या. त्यांना माळ्यावर पाय दुमडून झोपलेला नवरा दिसत होता, दोन खोल्यांची जागा दिसत होती, आणि कोरी चौकट बोटभर अंतरावर होती. पण त्याच टेबलापलीकडे उभ्या राहिलेल्या किती मुली त्यांना म्हणाल्या होत्या की बाई, आत्ता करते ना सही, कोण बघतंय. त्यांतली एक तर रडतच परत गेली होती. बाईंनी पेन खाली ठेवलं, शिक्का उचलला आणि आपल्याच अर्जावर 'परत' असा मारला. इतक्या जोरात की दवात हलली.

संध्याकाळी बैठकीच्या खोलीत त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. आपण तुम्हाला घर सोडायला लावलं आणि घर दिलं नाही, असं त्या म्हणाल्या. कुलूपवाल्याने चिठ्ठी भिंगाखाली धरून दोनदा वाचली.

"कुलूप कुणाचं हे विचारल्याशिवाय मीही कधी उघडलं नाही, मॅडम," तो म्हणाला. "तुमचं कपाट घाईघाईत उघडलं असतं तर तुम्ही मला ओळखपत्र दाखवलं नसतं. माळ्याचं म्हणाल तर आता माझे पायच आखूड झालेत."

उरला प्रश्न ताईचा. न्हावी भिंतीपलीकडे होता, पण ताई सात तासांवर, गुडघे धरून, आणि नोंदीतून कमी झालेली. बाईंनी फोन केला. दहा वेळा वाजून अकराव्यांदा उचलला.

"ताई, तातडीचं काम आहे," बाई म्हणाल्या, आणि म्हणताक्षणी त्यांनी जीभ चावली.

"तातडीला मी कशी चालते तुला?" ताई म्हणाली. "माझं नाव कमी झालंय. छापील कळवलंस तू. दहावीला ताप आला तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसले, तेव्हा मला कुणी पोच दिली नव्हती."

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नियम सांगितला नाही. माझं चुकलं, म्हणाल्या. पत्र पाठवायच्या आधी फोन करायला हवा होता, यादीत तसं कलमच नाही, कारण ज्यांची नावं निघतात त्यांचा मी कधी विचारच केला नाही. मग नाक पुसून लग्नातल्या सहीचं सांगितलं. पलीकडून नुसती खरखर ऐकू आली. बाईंना वाटलं फोन तुटला. तो तुटला नव्हता, ताई हसत होती. ती इतकी हसली की शेजारीण पाणी घेऊन आली.

"म्हणजे नवऱ्याला पास केलंस आणि स्वतः परीक्षेला बसलीच नाहीस," ताई म्हणाली. "येते. पण मला परत बोलावलंस म्हणून त्या नोंदीत माझंही नाव लाव. खाली का होईना."

"दुसरा रकाना आहे," बाई म्हणाल्या. "पर्यायी व्यक्ती म्हणून."

"असू दे. पर्यायी."

नव्या अर्जाला सर्वांत आधीची तारीख मिळाली ती तीसच. त्या दिवशी सकाळी ताईची बस वाटेत बंद पडली. बाई तीन नंबरच्या खिडकीबाहेरच्या बाकावर, टोकन हातात घेऊन, इतर जोडप्यांच्या रांगेत बसल्या होत्या. धाकटी आत घेत होती, पण बाई म्हणाल्या, माझा नंबर सतरा आहे. त्या बाजूने खिडकी किती उंच दिसते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. दीड वाजता ताई एका भाजीच्या टेम्पोतून उतरली, काठी आणि पदराला चिकटलेली कोथिंबीर सांभाळत. न्हावी अर्ध्या हजामतीतून उठून आला होता, आणि ज्याची अर्धी झाली होती ते गिऱ्हाईकही, न्हावी पळून जाईल या भीतीने, फेस लावून मागोमाग आलं होतं.

सतरा नंबर पुकारला गेला तेव्हा अडीच वाजत आले होते. साहेबांनी घसा साफ केला. कुलूपवाल्याने सही केली. ताईने केली, न्हाव्याने केली. धाकटीने अर्ज बाईंसमोर सरकवला. बाईंनी पेन घेतलं, चष्मा सारखा केला, आणि हात सरळ निघाला तळाशी उजवीकडे.

कुलूपवाल्याने तिथे आपला तळहात ठेवला. तेलाचे डाग पडलेला, रुंद, जड हात. पडताळणीची जागा त्याखाली पूर्ण झाकली गेली. कागदावर आता एकच कोरी चौकट उरली होती.

"इथं, मॅडम," तो म्हणाला.

बाईंनी सही केली. ती छोटी नव्हती, सरळ नव्हती, आणि शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं. धाकटी त्या अक्षराकडे बघत राहिली, मग बाईंकडे, मग पुन्हा अक्षराकडे. बाई स्वतःच म्हणाल्या, "परत करायचा असेल तर कर."

"ही चौकटच लहान आहे, बाई," धाकटी म्हणाली आणि आपल्या जागी सही केली. साहेबांनी त्या दिवशी अकरा वर्षांत पहिल्यांदा कागद शेवटपर्यंत वाचला. ओठ हलवत वाचला, त्याला सहा मिनिटं लागली, आणि ताईने तीनदा घड्याळाकडे बघितलं. मग धाकटीने दाखल्याबरोबर यादीही दिली आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचायला घेतली. वेळ नव्हता, वसाहतीचं कार्यालय दहा मिनिटांवर होतं. तरी बाई हलल्या नाहीत. कलम चौदा संपेपर्यंत उभ्या राहिल्या. कुलूपवाला तर पान उलटल्यावर आणखी जवळ सरकला.

तीनला चार मिनिटं कमी असताना ते वसाहतीच्या खिडकीशी पोचले. ताई मागून काठी टेकत येत होती आणि येताजाता लोकांना हे दोघे नवरा-बायको असल्याचं सांगत होती. तिथल्या कारकुनाने दाखला पाहिला, एक किल्ली काढली आणि ताबापावती पुढे केली. किल्ली कुटुंबाला एकच मिळते, म्हणाला. कुलूपवाल्याने खिशात हात घातला. लग्नाच्या दिवसापासून तो एक कोरी, न कापलेली किल्ली खिशात घेऊन हिंडत होता. ती त्याने मिळालेल्या किल्लीवर ठेवून पाहिली. बेतात बसत होती.

बाईंनी पावती वाचली. खाली 'ताबा घेणाऱ्याची सही' होतं आणि शेजारी 'देणाऱ्याची'. त्यांनी सही केली. मग पावती कारकुनाकडे न देता नवऱ्याकडे सरकवली.

सव्वीस वर्षांत त्यांनी तपासलेला कागद दुसऱ्या कुणी तपासलेला त्यांना चालला नव्हता.

"अहो," त्या म्हणाल्या, आणि इकडेतिकडे बघितलं नाही. "जरा बघता का, बरोबर जागी झालीय ना?"

कुलूपवाल्याने गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. आधी सही पाहिली, मग बाईंना पाहिलं.

"तुम्हीच आहात," तो म्हणाला.